खान्देशात बेडूक कशाला मोजता?

"बेडूक-सरडेच पाहायचे तर आंबोलीला जा ना. आठे काय सापडस भाऊ तुमले?" चाळीसगावच्या पाटणादेवीपासून वर तोरणमाळपर्यंत, जिथे कुठे बेडूक-सरडे मोजायला टॉर्च आणि वही घेऊन थांबलो तिथे हे कुणीतरी विचारतंच. आधी चहा पाजतात, मग विचारतात. तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सह्याद्रीतल्या भरपूर पावसाच्या आंबोलीला जाती जास्त आहेत, यात वादच नाही. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नाले आटतात, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आणि बेडकाची कातडी म्हणजे ओलं फडकं. तिच्यातून पाणी जसं आत येतं तसंच बाहेरही जातं. असा प्राणी इथे टिकतो तरी कसा, हा प्रश्न मला इथेच पडतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

जमीन उकरणारा बेडूक जवळून पाहा. ठेंगणा, गुबगुबीत, मातीच्याच रंगाचा. मागच्या पायाच्या तळव्याला आतल्या बाजूने एक कडक, धारदार कडेची गाठ असते. तिने तो माती आलटून पालटून बाजूला सारतो आणि मागे मागे सरकत जमिनीत शिरतो. आधी मागचा भाग जातो, मग डोके, सगळ्यात शेवटी डोळे. वर माती पुन्हा बसली की तिथे कुणी होतं हेही कळत नाही. खाली गेल्यावर हालचाल थांबते, शरीराचा खर्च अगदी कमी होतो आणि मूत्राशयात साठलेलं पाणी शरीर थोडं थोडं परत घेत राहतं. मृगाचा जोरदार पाऊस पडला की बाहेर. तोंडाने पाणी पिणं नाहीच, ओल्या जमिनीवर पोट आणि मांड्या टेकवल्या की कातडीच पाणी ओढून घेते. लगेच डबक्यात अंडी, कारण डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत.

सरपटणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. घरातल्या पालीची लेंडी पाहिलीत? टोकाला पांढरा ठिपका असतो, ते युरिक आम्ल. बेडकाला शरीरातली घाण युरियाच्या रूपात टाकायची तर सोबत पाणीही जातं. पाल, सरडे, साप हीच घाण जवळजवळ सुकी करून टाकतात. वर खवल्यांची कातडी, आणि पाण्याबाहेर टिकणारं अंडं. अंड्याची ही रचना ३० कोटी वर्षांहून जुनी आहे.

म्हणून मे महिन्यात, बेडूक खाली असताना, त्याच माळावर गळ्याखाली पंखा असलेला सरडा ऐन भरात असतो. नर दगडावर चढून पंखा उघडमीट करतो, दुसरा नर दिसला की मागच्या दोन पायांवर धावत सुटतो. त्याच्या मागच्या पायाला चारच बोटं, पाचवं गेलेलं. जवळच्याच दगडाखाली फुरसं असू शकतं. ते फुत्कारण्याऐवजी अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. फुत्कारताना श्वासाबरोबर ओल जाते, ती अशी वाचते असं मानतात.

मोजणीचं गणित यावरूनच ठरतं. ठरलेली वाट, ठरलेला वेळ, तितकीच माणसं, सोबत तापमान आणि हवेतल्या ओलीची नोंद. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याखालची ओल कुणाचं तरी घर असते. मे महिन्याच्या पानावर "बेडूक : ०" असं लिहितो आणि पाऊस पडल्यावर रात्री त्याच वाटेवर पुन्हा जातो. तेव्हा आवाज इतका असतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. दोन्ही पानं एकत्र वाचली तरच त्या माळाबद्दल काही म्हणता येतं. एकाच उन्हाळी फेरीवरून "येथे विशेष जीवसृष्टी नाही" असं कुणी लिहिलं की मला मनापासून राग येतो. माळाला आधीच आपण पडीक म्हणतो. मग ऐन उन्हाळ्यात सपाटीकरणाला जेसीबी येतो, आणि तेव्हा बेडूक जमिनीतच असतो.

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात चित्र निराळं. ठिबकमुळे उन्हाळ्यातही ओल असते, त्यामुळे तिथली मोजणी वेगळ्या वहीत ठेवावी लागते.

तेव्हा तुम्हाला मदत करायचीच असेल तर पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री बांधावर जाऊन मिनिटभर आवाज मोबाईलवर टिपा. गाव, तारीख, वेळ आणि शेत कोरडवाहू की बागायती एवढं लिहून पाठवा. पायात बूट, हातात टॉर्च हवाच. दगड उचलू नका आणि बेडूकही धरू नका, नुसता आवाज पुरे.