सुएझ ते पोर्ट सैद
उत्तरेकडे जाणारा जहाजांचा काफिला पहाटे सुटला, संध्याकाळी पोर्ट सैद मागे पडलं. 193 किलोमीटरच्या सुएझ कालव्यात एकही लॉक (जहाज वर-खाली करणारा दरवाजांचा टप्पा) नाही, कारण तांबडा आणि भूमध्य या दोन्ही समुद्रांची पातळी जवळपास सारखी. दक्षिण टोकाला भरती-ओहोटीचा प्रवाह मात्र चांगलाच जाणवतो, सुकाण्याचा कस तिथेच लागतो. वेग साधारण आठ-नऊ नॉट, म्हणजे ताशी आठ-नऊ सागरी मैल. जास्त पळवलं की जहाज पाण्यात आणखी खाली बसतं, आणि काठाजवळ सरकलं की पाणी नाळ, म्हणजे पुढचं टोक, काठापासून दूर लोटतं आणि मागचा भाग काठाकडे ओढतं. मार्च 2021 मध्ये 400 मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज जोरदार वाऱ्यात आडवं झालं ते याच दक्षिण भागात. तिथे वाट एकेरी! 2015 मध्ये खणलेला 35 किलोमीटरचा समांतर कालवा मोठ्या कडव्या सरोवराच्या उत्तरेला, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. सहा दिवस सगळं ठप्प.

इस्माइलियाला पायलट, म्हणजे कालव्यातला वाटाड्या, बदलतो. मूरिंग बोटी आधीच क्रेनने जहाजावर चढवून ठेवायच्या, काठाला बांधायची वेळ आली तर दोर त्याच नेतात. सर्चलाइटचा झोत मधोमध दोन भागांत दुभंगणारा हवा, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत.

1967 ते 1975 कालवा बंद होता. तेव्हा मुंबईहून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालत.