म्हातारा अजून ड्युटीवर आहे

आमचा म्हातारा आता साडेदहा वर्षांचा झाला. एवढ्या मोठ्या अंगाची राखणीची कुत्री साधारण 10-12 वर्षं जगतात, त्यामुळे हिशोब कळतो, पण तो करायचा नाही असं ठरवलंय. मागचे पाय आखडलेत, सकाळी उठताना आधी पुढचे रोवतो, मग थांबतो, मग कण्हल्यासारखा आवाज काढून मागचं धूड उचलतो आणि दहा पावलं चालला की जरा मोकळा होतो. ऐकूही कमी येतं. पूर्वी कुंपणापलीकडे पान हललं तरी भुंकायचा, आता तरणी कुत्री भुंकली की हा आधी तिच्याकडे बघतो आणि मग उशिरा का होईना दोनदा भुंकून घेतो, हजेरी लावल्यासारखं.

डॉक्टरांनी सांध्यांच्या गोळ्या दिल्यात, वजन वाढू देऊ नका म्हणाले. (आपल्या घरातली पेनकिलर चुकूनही देऊ नका हां, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असते.)

थंडीत त्याला घरात झोपवून बघितलं तर रात्रभर दाराशी कुंई कुंई, शेवटी अडीचला वैतागून सोडला तर सरळ गोठ्यात! मग तिथेच जाड गादी टाकली. आता गादीवर शेळ्यांची करडं झोपतात आणि हा शेजारी जमिनीवर. काल एक करडू त्याच्या पाठीवर चढून उभं होतं, याने फक्त एक डोळा उघडला आणि परत मिटला.