उणे 30 मध्ये डॉग डोअर: काय बघून घ्यायचं

थंडी जवळ आली की इथल्या मराठी ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच, की कॅनडातल्या विनिपेगमध्ये डॉग डोअर (कुत्र्याला ये-जा करायला दारात किंवा भिंतीत पाडलेलं भोक, त्यावर झुलती झडप म्हणजे फ्लॅप) बसवलंय म्हणजे तुझं डोकं ठिकाणावर आहे ना. प्रश्न रास्तच आहे म्हणा. जानेवारीत रात्री उणे 25-30 झालं तर त्याची इथे बातमीसुद्धा होत नाही, 24 डिसेंबर 1879 चा रेकॉर्ड तर उणे 47.8 चा आहे, आणि अशा गावात आपण होऊन घराला भोक पाडायचं! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती थंडीबद्दल अवाक्षर बोलली नाही, तिचं एकच, "अगं पण चोर शिरला तर?" नगरला आमच्याकडे दार दिवसभर उघडंच, त्यामुळे कुत्र्याला वेगळं दार लागतं हेच तिला पटत नाही.

पण आमची चिऊ पुण्याची इंडी, म्हणजे आपली गावठी कुत्री, अंगावर केस जेमतेम. ती शू करायला जाते आणि लगेच परत येते, पण जायच्या आधी उंबऱ्यावर उभं राहून जाऊ की नको याचा विचार करते, आणि तेवढा वेळ तुम्ही पूर्ण दार उघडं धरून उभे. त्यापेक्षा छोटं भोक दोन सेकंद उघडलेलं केव्हाही परवडलं.

आता मुद्दा. सगळे विचारतात फ्लॅप जाड किती, इन्सुलेटेड आहे का वगैरे. ते बघा, पण आधी बघायचं ते सील, म्हणजे बंद फ्लॅपच्या कडा किती घट्ट बसतात ते. घर थंड करतं ते वारं, आणि विनिपेगला वाऱ्याचं काय सांगायचं, पोर्टेज आणि मेनच्या चौकात जानेवारीत एकदा उभे राहून या. फ्लॅप कितीही जाड असला आणि कडेने फट राहिली तर काही उपयोग नाही. कुणाच्या घरी बसवलेलं डॉग डोअर असेल तर वारा असलेल्या दिवशी जा आणि उदबत्ती लावून फ्लॅपच्या चारी कडांवरून हळूहळू फिरवा, धूर सरळ वर जात असेल तर ठीक, जिथे आडवा पळतो तिथे फट. खालच्या कोपऱ्यांत जास्त वेळ थांबा, कारण थंडीत गरम हवा घरात वर चढते आणि बाहेरची गार हवा खालूनच आत ओढली जाते, आणि डॉग डोअर तर अगदी जमिनीलगत.

यात आपल्या स्वयंपाकाचा पण हात असतो हे इथले ब्लॉगवाले लिहीत नाहीत. फोडणी टाकायची म्हणून एक्झॉस्ट फुल्लवर केला की फ्लॅप आपोआप आत झुकायला लागतो, आणि चिऊ कोण आलं म्हणून त्याच्याकडे टक लावून बघत बसते. नवी घरं घट्ट असतात, पंख्याने जेवढी हवा बाहेर फेकली तेवढी कुठून तरी आत येणारच, मग ती सगळ्यात कमजोर जागेतून येते. स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडा, नाहीतर फॅन स्लो ठेवा. दुसरं म्हणजे वाफ. कुकर, वरण-भात, आत वाळत घातलेले कपडे, ही सगळी दमट हवा त्या गार फ्रेमवर जाऊन जमते, तिचं बर्फ होतं आणि सकाळी फ्लॅप चिकटलेला. ह्युमिडिफायर उणे 30 ला 20 टक्क्यांच्या आसपास किंवा खालीच बरा, आणि फ्रेम मेटलची असेल तर हा त्रास जास्त.

मॉडेलचं म्हणाल तर साधा एक व्हिनाइलचा फ्लॅप इथे विसरा, गारठ्यात तो कडक होतो आणि नीट बंदच होत नाही. पेटसेफच्या एक्स्ट्रीम वेदरमध्ये तीन फ्लॅप असतात, मधला इन्सुलेटेड. एंड्युरा फ्लॅप कडेने मॅग्नेटने चिकटतो, वाऱ्यासाठी मला ती पद्धत जास्त पटते. कुत्र्याची चिप ओळखूनच उघडणारी इलेक्ट्रॉनिक दारं रॅकून आत शिरू नयेत म्हणून छान, पण बॅटरीवर चालणारं असेल तर थंडीत बॅटरी लवकर मान टाकते हे गृहीत धरा.

आणि जागा! माझ्या मते ब्रँडपेक्षा जागा महत्त्वाची. मडरूम (बूट-कोट काढायची दाराजवळची छोटी खोली) असेल तर तिथेच बसवा आणि मडरूमचं आतलं दार लावून ठेवा, म्हणजे वारं आलं तरी तिथपर्यंतच. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला मात्र भोक पाडू नका, ते दार बिल्डिंग कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, घट्ट बसणारं आणि आपोआप बंद होणारं असावं लागतं, गाडीचा धूर घरात येऊ नये म्हणून. बाहेर स्टॉर्म डोअर (मुख्य दाराबाहेरचं जास्तीचं दार) असेल तर दोन्ही दारं कापावी लागतात, त्यापेक्षा भिंतीतून काढलेलं बरं, कारण भिंतीच्या जाडीत बोगदा मिळतो, दोन्ही टोकांना फ्लॅप आणि मध्ये हवा. भिंतीतले उभे लाकडी खांब, म्हणजे स्टड, 16 इंचांवर असतील तर मधे 14.5 इंच मोकळे मिळतात, मध्यम कुत्र्याला पुरतात. फक्त व्हेपर बॅरिअर (भिंतीत ओल जाऊ न देणारा प्लास्टिकचा पडदा) कापला की परत टेपने आणि सीलंटने बंद करतोय ना हे स्वतः उभं राहून बघा, नाहीतर भिंतीत ओल जाते.

साईज घेताना उगाच मोठं घेऊ नका, जितकी कड लांब तितकी गळती. कुत्र्याच्या खांद्याच्या किंवा कंबरेच्या सगळ्यात रुंद भागापेक्षा दोनेक इंच जास्त, आणि वरची कड खांद्याच्या थोडी वर, बस. खालची कड बर्फाच्या वर हवी पण म्हाताऱ्या कुत्र्याला पाय उचलता येईल एवढीच, आणि बाहेर फावड्याने वाट मोकळी ठेवायचं काम काही सुटत नाही.

शिकवायला सुरुवात करताना फ्लॅप टेपने वर चिकटवून ठेवा, पलीकडे चीजचा तुकडा, मग हळूहळू खाली सोडा. तीन फ्लॅपवालं जड असतं, लहान कुत्री ढकलायला घाबरतात. आणि हे सगळं उन्हाळ्यातच करा, सीलंट गारठ्यात नीट धरत नाही, आणि ऑक्टोबर लागला की काँट्रॅक्टर फोनच उचलत नाहीत. जूनमध्ये करताय तर सील चांगलं आहे की नाही ते विनिपेगचे डासच सांगतील, उदबत्तीची गरज नाही.