मधल्या जागेवरची खरखर

पाचव्या टेकला रेकॉर्डिस्टनं हात वर केला. "दादा, शेवटच्या सुरात काहीतरी खरखरतंय. केबल बघता का जरा?"

केबलचा दोष नव्हता. कानांआधी मला ते पायालाच कळलं होतं. पेडल स्टील गिटारवर संथ लयीतला तुकडा वाजवत होतो आणि शेवटी चार बार भरून तीन तारांचा एकच सूर धरायचा होता. तारा छेडल्या, सूर ओसरू लागला तसा व्हॉल्यूम पेडलवर उजव्या पायाचा चवडा हळूहळू दाबत गेलो, आणि नेमक्या मध्यावर 'खर्र'. परत करून पाहिलं, परत तिथंच. टाच पूर्ण खाली असताना आवाज स्वच्छ, चवडा पूर्ण खाली असतानाही स्वच्छ. मधल्या दोन बोटांच्या जागेतच काय ती कुरकुर.

पेडल स्टील वाजवणाऱ्याचा पाय राहतो तो त्याच दोन बोटांत. हे वाद्य आडवं मांडलेलं असतं. डाव्या हातात पोलादी रॉड, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डावा पाय सुरांच्या पेडलांवर, दोन्ही गुडघे एकेका तारेचा सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या लिव्हरांमध्ये आणि उजवा पाय व्हॉल्यूम पेडलवर. ते आवाज लहानमोठा करायला ठेवलंय असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं काम वेगळं आहे. छेडलेली तार पहिल्या क्षणापासून विझत जाते. म्हणून आघात करताना पेडल निम्म्याच्या आसपास ठेवायचं आणि तार जितकी ओसरेल तितका पाय पुढं द्यायचा. मग आस लांबते, नखीचा ठोका मऊ होतो आणि मींड गळ्यातून आल्यासारखी एकसंध ऐकू येते. प्रत्येक सुराला शून्यापासून फुगा फुगवणारे वादक मला सहन होत नाहीत. समुद्राच्या लाटांवर झोके घेतल्यासारखं होतं ते, गाणं होत नाही.

तर ते पेडल उलटं केलं. तळाचे स्क्रू काढले. आत सगळं ओळखीचं होतं: आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटच्या, म्हणजे फिरत्या रोधाच्या, दांड्यावर कप्पी, कप्पीला वेढे घेतलेली दोरी, दोरी ताणून धरणारी स्प्रिंग. दोरी एका जागी पिंजून कापसासारखी झाली होती, पण तुटलेली नव्हती. दोष पॉटमध्ये होता. (पुढं घरी त्याचं झाकण उकलून पाहिलं. काळ्या कार्बनच्या पट्टीवर मधोमध घासून चकचकीत झालेली रेघ होती, दोन्ही टोकांकडचा कार्बन नव्यासारखा. माझा पाय इतकी वर्षं कुठं होता ते त्या पट्टीवर लिहिलेलंच होतं.) त्या वेळी क्लीनर फवारला, दहाबारा वेळा मागंपुढं फिरवला. खरखर कमी झाली, गेली नाही.

कीबोर्ड वाजवणारा मुलगा म्हणाला, "दादा, माझं घ्या. भारी आहे." खरंच भारी होतं. जड, लोण्यासारखी चाल, कुठं खडखड नाही. लावलं, पहिली तार छेडली आणि आम्ही सगळ्यांनीच एकमेकांकडे पाहिलं. अ‍ॅम्पवर कुणी घोंगडी टाकावी तसा सूर. वरची सगळी चमक गायब, आवाजही दबलेला.

पेडल उलटं करून लेबल वाचलं तेव्हा उलगडा झाला: २५ किलोओहम. कीबोर्डला ते अगदी योग्य, कारण कीबोर्डच्या सिग्नलमागे जोर असतो. तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या माझ्या पिकअपमध्ये फक्त चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्याचा स्वतःचाच रोध १८ किलोओहमच्या घरात. त्याच्यापुढं २५ किलोओहमचा पॉट आला की तयार झालेल्या व्होल्टेजचा चाळीसेक टक्के भाग पिकअपच्या आतच खर्ची पडतो, आणि वरच्या पट्टीतल्या ज्या उंचवट्यामुळं स्टीलला ती काचेसारखी धार येते तो उंचवटा सपाट होतो. म्हणून तर अर्नी बॉल ही कंपनी एकाच पेडलचे २५० आणि २५ किलोओहम असे दोन अवतार काढते, पहिला साध्या पिकअपला, दुसरा बॅटरीवरच्या सर्किटला. बॉस कंपनीच्या एफव्ही-५०० पेडलमधला एच आणि एल हा फरकही त्याच जातीचा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. घेताना एक अक्षर वाचायचं राहिलं की माणूस पिकअपला, तारांना, शेवटी स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

स्टुडिओतल्या खणात एक बफर सापडला, पिकअपचा नाजूक सिग्नल जोर देऊन पुढं पाठवणारी छोटी डबी. पिकअप, मग बफर, मग ते २५ किलोओहमचं पेडल, मग अ‍ॅम्प अशी जोडणी केली. घोंगडी उचलली गेली. आणि गंमत म्हणजे अर्ध्या दाबावर सूर माझ्या स्वतःच्या पेडलपेक्षा उजळ वाटला. मी तीनतीनदा ऐकलं, विश्वास बसेना.

पण टेक काही लागेना. आता खरखर नव्हती, चमक होती, तरी लांब सूर शेवटाकडे बेसूर होत होता. किंचित उतरत होता. रॉड बघितला, सरळ होता. मग रेकॉर्डिस्टनं फक्त तो सूर ऐकवला आणि लक्षात आलं की तीन तारांपैकी एकच उतरतेय. एकच तार उतरते म्हणजे लिव्हर. खाली वाकून पाहिलं. हे पेडल माझ्या पेडलपेक्षा चांगलं दोन बोटं उंच होतं. गुडघा वर सरकला होता, आणि चवडा दाबताना तो जरासा डावीकडे कलून लिव्हरला टेकत होता. पेडल चार बोटं पुढं ढकललं, थोडं उजवीकडे सरकवलं. पोटरी तिरपी झाली, गुडघा खाली आला. पुढचा टेक ठेवला गेला.

घरी जाताना डोक्यात खरखर नव्हती, तो अर्ध्या दाबावरचा उजळ सूर होता. इतकी वर्षं मी पेडल कसं पारखत आलो? चवडा पूर्ण दाबून वाजवायचं, आवाज नीट आला की टाच दाबून पूर्ण बंद होतो का बघायचं. म्हणजे जिथं पाय जवळजवळ कधीच नसतो अशा दोन जागा तपासायच्या.

रात्री कागदावर हिशेब केला. माझ्या पेडलमधला ५०० किलोओहमचा पॉट पूर्ण उघडा असतो तेव्हा पिकअपला तो फारसा जाणवत नाही. पण अर्ध्या व्होल्टेजच्या जागी पुढच्या केबलला मागं जवळजवळ १२५ किलोओहमचा अडथळा दिसतो, आणि केबल म्हणजे वरची चमक गिळणारा लांबलचक कपॅसिटरच. पाच मीटर केबलची ५०० पिकोफॅरड धरली तर अडीच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. बफरमागचा २५ किलोओहमचा पॉट त्याच जागी सहा-सव्वासहा किलोओहमच दाखवतो, म्हणून ती उतरण ऐकण्याच्या पल्ल्याबाहेर, पन्नास हजार हर्ट्झच्या घरात जाते. माझा सूर मंद होता तो याच जागी, आणि मी त्याला वर्षानुवर्षं 'स्टीलचा गोडवा' म्हणत आलो होतो.

पुढच्या काही आठवड्यांत मित्रांकडची पेडलं मागून आणली आणि सगळी एकाच रीतीनं ऐकली. पाय मध्यावर, एक लांब सूर. मग पेडल काढून थेट केबल, अ‍ॅम्प तेवढाच कमी करून तोच सूर. दोन्हींचा आवाज सारखा ठेवणं फार महत्त्वाचं, नाहीतर मोठा असेल तोच कानाला बरा वाटतो. गुडरिचचं बुटकं ५०० किलोओहमचं पेडल पायाला सगळ्यात सुखाचं होतं. गुडघा लिव्हरांमध्ये अगदी मोकळा. त्याच्यापुढची केबल दीड मीटरवर आणली तेव्हा मधला सूरही बराच उघडला, ही युक्ती कुणालाही पैसा न खर्चता करता येईल. हिल्टनचं इन्फ्रारेडवर चालणारं पेडल मात्र मध्यावर आणि टोकाला एकाच रंगाचं ऐकू आलं. आत घासणारं काही नाही, त्यामुळं पट्टी झिजून खरखरण्याचा प्रश्नच नाही. त्याला वीज लागते, अ‍ॅडॉप्टर विसरलात की तुम्ही मुके. मी बराच काळ याच एका कारणासाठी असली पेडलं टाळत होतो.

घेतलं ते शेवटी इन्फ्रारेडचंच. पहिले पंधरा दिवस पाय चुकत राहिला. जुन्या पॉटचा चढ सुरुवातीला सपाट आणि पुढं एकदम उभा होता, याचा चढ सगळीकडे सारखा, त्यामुळं सवयीनं दिलेला रेटा जास्त व्हायचा. रोज अर्धा तास नुसते लांब सूर धरले, दुसरं काही वाजवलं नाही, तेव्हा कुठं घोट्याला नवा चढ पाठ झाला.

जुन्या पेडलमध्ये नवा पॉट घातला, दोरीही बदलली. ते आता वाद्याच्या पेटीत अ‍ॅडॉप्टरशेजारी असतं, दीड मीटरच्या केबलसकट.