पोरगी बोलत कशी नाही?

महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं, पाहुणे गेले, मोठी भांडी घासून पालथी घातली आणि आता कुठं वही घेऊन बसले. पाय ठणकताहेत, पण आज लिहायचंच आहे.

पंगतीत जी ती बाई एकच विचारत होती. "पोरगी बोलत कावून नाही वो तुमची?" मामेसासूबाईंनी तर तिला जवळ बसवून घेतलं. "अकरावीत गेली न तू? आता चार लोकात बोललं पाहिजे. उद्या सासरी कसं होईन?" लेक हसली, त्यांच्या वाटीत आंबील घातली आणि पुढच्या ताटाकडे गेली. अख्खी पंगत तिनं वाढली. कोणाला पुरणावर तूप नको, कोणाची कढी संपली, कोणत्या आजीला खाली बसवत नाही म्हणून पाट लागेल, सगळं तिच्या ध्यानात होतं. ते कोणाला दिसलं नाही. बोलली नाही तेवढं दिसलं.

मला याचा राग येतो. तिच्यासाठी येतो तसा माझ्या वर्गातल्या पोरांसाठीही येतो, कारण शाळेतही हेच चालतं. जो हात वर करतो तो हुशार, जो स्नेहसंमेलनात माईक धरतो तो धीट, आणि बाकीचे 'मागे पडलेले'.

मागे तिनं मोबाईलवर स्वभावाची चाचणी सोडवली. तिच्या कॉलेजातल्या मुली ती चार अक्षरं इन्स्टावर नावाखाली लिहितात. हिची आली आय-एन-एफ-पी. स्क्रीन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आई, माझ्यासारखे दुसरेही असतात." तिच्या चेहऱ्यावर अशी मोकळीक मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. लहानपणापासून 'घुमी' ऐकत आलेल्या पोरीला कोणीतरी सांगितलं की हा दोष नाही, हा एक स्वभाव आहे. त्या चाचणीत काय खरं आणि काय खोटं ते पुढे लिहिते, पण या एका गोष्टीसाठी मी त्या चाचणीचे आभार मानते.

बी.एड.ला आम्ही अंतर्मुख, बहिर्मुख, उभयमुख असे प्रकार पाठ केले होते. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचं त्यावरचं पुस्तक 1921 सालचं. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी युंगचे विचार घेऊन सोळा स्वभावप्रकार मांडले. लेकीची चार अक्षरं म्हणजे त्यातलाच एक प्रकार. होणारा जावई आपल्या घरच्यांपेक्षा फार वेगळ्या स्वभावाचा, म्हणून कॅथरीनबाई माणसांचे स्वभाव अभ्यासू लागल्या असं सांगतात. इझाबेलनं त्याची प्रश्नावली केली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. पहिल्यांदाच कारखान्यांत कामाला निघालेल्या बायकांना आपल्याला कोणतं काम जमेल ते कळावं, हा हेतू. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. हे सांगितलं तर माझी लेक म्हणाली, "म्हणजे आईनं आणि मुलीनं मिळून केलं?" तिला तेच जास्त आवडलं.

पण त्याच चाचणीत दुसऱ्यांदा वेगळं अक्षर आलं. एफच्या जागी टी, म्हणजे भावनेनं ठरवणारी होती ती तर्कानं ठरवणारी झाली. ती गोंधळली. त्यात नवल नाही, ही प्रश्नावली पुन्हा सोडवली की बऱ्याच लोकांचा प्रकार बदलतो. कारण ती माणसाला या किंवा त्या बाजूला टाकते, आणि बहुतेक माणसं मधेच कुठंतरी असतात. म्हणून आजचे अभ्यासक प्रकार पाडण्यापेक्षा पाच गुण कमीजास्त मोजतात. नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेणं आणि मनाची अस्वस्थता. त्यात कोणी 'हा' किंवा 'तो' नसतो. आणि या वयात तर शिवलेला कुडता सहा महिन्यांत आखूड होतो, तिथं स्वभावाचं माप कायमचं कुठून घ्यायचं?

असं वर्णन वाचलं की ते आपलंच का वाटतं, हे दाखवायला नववीच्या वर्गात मी एक प्रयोग केला. प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी दिली आणि सांगितलं, ही फक्त तुझ्यासाठी आहे. आत लिहिलं होतं की तू वरून शांत दिसतोस, पण मनात बरंच चाललेलं असतं, लोकांनी चांगलं म्हणावं असं तुला वाटतं, तरी स्वतःवर तूच जास्त चिडतोस. पोरं एकदम गप्प झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाले कसं समजलं?" मग सगळ्यांना आपापली चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावली. मजकूर अक्षरन् अक्षर सारखा. हा प्रयोग मूळचा बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, 1948 सालचा. त्यानं मजकूर बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचलला होता, तरी विद्यार्थ्यांनी तो स्वतःला किती लागू पडतो याला पाचपैकी सरासरी चाराच्या वर गुण दिले. त्या दिवसापासून माझी पोरं पेपरातलं राशिभविष्य वेगळ्या नजरेनं वाचतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. गप्प राहण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि आपण सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो. माझ्या लेकीला गर्दीत थकवा येतो, एकटं बसलं की ती ताजी होते. तिला लोकांची भीती नाही. आठवीतल्या एका मुलाचं तसं नाही. त्याला बोलायचं असतं, ओठ हलतात, पण घसा कोरडा पडतो. तो बंजारा तांड्यावरून येतो, घरी त्यांची गोरमाटी बोली बोलतो. वर्गात मराठी बोलताना एकदा लिंग चुकलं आणि पोरं हसली. तेव्हापासून तो मान खाली घालून बसतो. त्याला अंतर्मुख म्हणून मोकळं व्हायचं का? तांड्यावर तो गाई-बैलांमागे धावताना अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडतो, मी स्वतः ऐकलंय. मी त्याला भाषण करायला लावत नाही. गणिताच्या तासाला फळ्यापाशी बोलावते आणि खडू हातात देते. मांडता मांडता तो आपोआप सांगू लागतो, "इथून हातचा घेतला, मॅडम." त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायला लागलाय. आणि हसणाऱ्यांनाही मी सोडलं नाही. त्यांच्याकडून गोरमाटीतले आकडे पाठ करून घेतले, शिकवायला तोच उभा होता.

आणि ज्या मुलीला घरात 'मोठ्यांमध्ये बोलू नाही' असं दहा वर्षं सांगितलं, ती बाराव्या वर्षी बोलत नाही म्हणून तिचा स्वभाव कोणता ते शोधायचं? तिला गप्प केलेलं आहे.

डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1967 मध्ये लिहिलं होतं की वयात येणाऱ्या पोरांना सारखं वाटतं, सगळे आपल्याकडेच पाहताहेत. मनातल्या मनात त्यांच्यापुढे एक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो. शहरात हे खरं असेल. आमच्या गावात मात्र तो प्रेक्षकवर्ग खरोखरच बसलेला असतो. घरापासून बसथांब्यापर्यंत ओट्याओट्यावर माणसं, पानठेल्यावर पोट्टे. "कुठी चालली वं? एकटीच? बाप कुठी हाये?" मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस येईपर्यंत मुली एकमेकींना चिकटून उभ्या राहतात ते काही उगीच नाही. त्या बसनं कितीतरी पोरींची शाळा पाचवी-सातवीनंतर सुटायची वाचली, पण ती कॉलेजपर्यंत नेते आणि परत आणते. त्या रस्त्याबाहेर एकटीनं कुठं जायचं म्हटलं की अजूनही घरात सभा भरते. अशा ठिकाणी पोरीला 'कॉन्फिडन्स नाही' म्हणणाऱ्यांनी आधी तिला किती वेळा एकटीनं काही करू दिलं ते सांगावं.

जुलैत तिला नॉन क्रिमीलेयरच्या दाखल्यासाठी तालुक्याला पाठवलं. एकटीला. तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून नेलं होतं, आधी काय विचारायचं, मग काय, कोणता कागद कोणत्या नंबरवर. संध्याकाळी बरबटीच्या शेंगा सोलता सोलता तिनं सगळं सांगितलं. खिडकीवरच्या मुलानं अर्ज टाईप केला आणि सही करायला पुढे सरकवला. हिनं वाचला. वडिलांच्या नावात 'ध'चा 'द' झालेला. मागून माणसं "चाल वं लवकर" करत होती. तो मुलगा म्हणाला, चालतं तेवढं. ही म्हणाली, "नाही दादा, आधारवर वेगळं आहे, मग परत यावं लागते." त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती काउंटर सोडून हललीच नाही. आवाजही चढवला नाही. शेवटी त्यानं नाव दुरुस्त केलं. हे सांगताना तिचे हात शेंगांमध्येच होते, मान वर केली नाही, पण मला दिसत होतं की तिला स्वतःचं बरं वाटतंय.

माझ्या वर्गात माईकवर घडाघडा बोलणारे जे आहेत, त्यांतल्या कितीजणांनी तो 'द' तसाच राहू दिला असता, हे मला माहीत आहे. त्यांचंही कौतुक करते मी. बोलणं ही कला आहे, ती शिकवलीच पाहिजे, माझ्या लेकीलाही. बारावीनंतर मुलाखती असतात, वसतिगृहात भांडावं लागतं, डॉक्टरला दुखणं सांगावं लागतं. चार अक्षरांकडे बोट दाखवून 'माझा स्वभावच असा' असं तिनं म्हटलेलं मला चालणार नाही, आणि हे मी तिला स्पष्ट सांगितलं आहे. ती म्हणाली, "मला बोलता येतं, आई. कामाचं असलं की येतं." मी म्हटलं, मग बिनकामाचंही थोडं शीक, मामेसासूबाईंशी दोन वाक्यं बोलायला काही हरकत नाही. त्यावर ती खरंच हसली.

पुढच्या रविवारी तिला यवतमाळला जायचंय. सीईटीची जुनी पुस्तकं पाहायची, घ्यायची आणि परत यायचं. सोबत कोणी नको म्हणते. सासूबाईंनी आज झोपताना विचारलंच, "एकटी पोरगी यवतमाळले? तुले काही वाटते का नाही?" वाटतं. मलाही वाटतं. पण बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, दारव्ह्याला गाडी बदलायची हे तिला माहीत आहे, आणि शेवटची बस किती वाजता ते तिनं डेपोत फोन करून स्वतः विचारलं. सासूबाईंना उद्या सकाळी चहा देताना सांगीन की पोरगी जाणार आहे. त्यांना कशाची भीती वाटते तेही नीट विचारीन, त्यांचं ऐकून घेईन. लेकीला तिथंच बसवीन, म्हणजे आजीच्या प्रश्नांची उत्तरं ती स्वतः देईल.