उंदरांचं उष्टं

एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय घेतला होता: आहारातल्या कोलेस्टेरॉलमुळे उंदरांचं खाणं आणि धावपळ बदलते का? बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हे कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, "इथे आणणार नाहीस ना?"

परवानगीतच दोन महिने गेले. १२ उंदीरच कशाला, कमीत का भागत नाही, याचं उत्तर प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या कमिटीला तीनदा लिहून दिलं.

मग खाद्य. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. कोमट सिंगतेलात (शेंगदाण्याच्या तेलात) घालून ते दळलेल्या खाद्यात कालवलं आणि गोळ्या वळल्या. कोलेस्टेरॉल न मिळणाऱ्या साध्या गटालाही तेवढंच तेल द्यायचं, नाहीतर करणी तेलाची आणि नाव कोलेस्टेरॉलचं. प्रमाण १ टक्का. ऐकायला किरकोळ, पण २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला चारेक ग्रॅम खातो, म्हणजे ४० मिलिग्रॅम झालं. पाच दिवसांत जवळजवळ एका अंड्याच्या बलकाइतकं! सरांनी मात्र आधीच बजावलं होतं, "उंदराचं कोलेस्टेरॉल बहुतेक एचडीएलमधून, म्हणजे रक्तातल्या 'चांगल्या' म्हणवणाऱ्या कणांतून फिरतं, आपल्यासारखं नाही. लगेच माणसाच्या ताटावर जाऊ नकोस."

पहिल्या आठवड्यात कोलेस्टेरॉलचा गट चक्क जास्त खाताना दिसला. मी हरखले. पिंजरे साफ करताना भुशात हात घातला तर खाली चुराच चुरा. त्या गटाच्या गोळ्या मी घाईत वळल्या होत्या, ठिसूळ झाल्या होत्या. उंदीर कुरतडून सांडत होते आणि मी ते त्यांच्या पोटात धरत होते. तेव्हापासून रोज सकाळी भुसा चाळायचा, लेंड्या वेचून काढायच्या, उरलेला चुरा तोलायचा. आई म्हणे, "घरचं ताट तरी उचलतेस का कधी?" उष्टं वजा केल्यावर खाण्यातला फरक उरलाच नाही.

धावण्यासाठी पिंजऱ्यात चाक आणि चाकाला सायकलचं मीटर. उंदीर निशाचर, त्यामुळे आकडा सकाळी बघायचा. काही पठ्ठे रात्रीत चार-चार किलोमीटर धावायचे. एके दिवशी दोन्ही गटांचे आकडे एकदम कोसळले. खाद्य तपासलं, मीटर तपासलं. सरांनी फक्त भिंतीला हात लावायला सांगितलं: नवरात्र सुरू झालं होतं, मागच्या मैदानात गरबा, आणि ढोलाने भिंत थरथरत होती.

त्या नऊ रात्री कारण नोंदवून बाद केल्या. त्यातल्या तीन रात्री त्याच मैदानात मी गरबा खेळत होते, एवढं नोंदीत घातलं नाही.