रोजच्या जिम्नीला लिफ्ट किती?

आज घोडबंदर रोडला लिफ्ट केलेली, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेली, एक मारुती जिम्नी रॅम्पवर होती. तक्रार नेहमीचीच: 80 च्या पुढे स्टिअरिंग भरकटतं. उंची वाढली की पुढच्या सॉलिड ॲक्सलचा (दोन्ही चाकं जोडणारा अखंड कणा) कोन बदलतो, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं विसरतं. रोज ऑफिस आणि पावसाळ्यात कधीतरी चिखल, एवढंच असेल तर 40 मिमी पुरे; 75 चा हट्ट फोटोपुरता. नुसता स्पेसर (जुन्याच स्प्रिंगला लावायचा ठोकळा) नको, नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर घ्या. नाहीतर चाक खड्ड्यात सुटलं की जुना शॉक टोकाला जाऊन ठोकतो. सोबत कमी झालेला कॅस्टर भरून काढणारे कॅस्टर बुश हवेतच. ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल थोडा बाजूला सरकतो, तेही मोजा.

पण खरी गंमत बोल्टमध्ये. गाडी रॅम्पवर लटकलेली असतानाच बरेच जण ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या आर्मचे बोल्ट कचकचून आवळतात, मग चाकं टेकली की रबर बुश कायम पिळलेले राहतात. या गाडीचे दोन तर फाटलेच होते. आधी हलके लावा, गाडी खाली उतरवा, दोनदा पुढे-मागे ढकला, मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). 500 किमीनंतर पुन्हा एकदा. ब्रेक होजला ताण, अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत त्याच दिवशी बघून घ्या. आणि हो, सोसायटीच्या स्टॅक पार्किंगची उंची टेप लावून मोजा, पैसे भरायच्या आधी!